बडोद्यात कामानिमित्त आलात आणि दुपार मोकळी मिळाली: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मकरपुऱ्यातलं मशीन लवकर सुरू झालं, नंदेसरीची तपासणी जेवणाआधीच उरकली, मीटिंग पुढे ढकलली गेली, आणि परतीची गाडी रात्रीची आहे. अशा वेळी पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. बडोदं हे मराठी माणसाला एकट्याने पायी बघता येईल असं शहर आहे. हॉटेलच्या खोलीत झोपून ते वाया घालवू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

किती वेळ हाताशी असेल तर बाहेर पडण्यात अर्थ आहे?

हिशेब गाडीच्या वेळेपासून उलटा करा. समजा गाडी रात्री आठची आहे आणि तुम्ही एक वाजता मोकळे झालात. सात वाजता स्टेशनवर पोचायचं, म्हणजे साडेसहाला फिरणं थांबवायचं. मकरपुरा किंवा कोयलीहून शहरात यायला पाऊण तास, नंदेसरीहून त्याहून थोडा जास्त, जेवायला पाऊण तास. हातात साधारण चार तास उरतात. चार तासांत एक इमारत आतून नीट आणि एक रस्ता पायी, इतकंच बसतं. सहा ठिकाणांची यादी घेऊन निघालेला माणूस निम्मा वेळ रिक्षात घालवतो आणि प्रत्येक ठिकाणी फाटकावरच्या पाटीचा फोटो तेवढा काढतो.

दोनच तास असतील तर स्टेशनपासून लांब जाऊ नका. सयाजीबाग जेमतेम एक किलोमीटरवर आहे, तेवढी करा.

राजवाडा, म्युझियम की जुनं शहर? एकच निवडायचं तर?

पहिल्यांदाच आला असाल आणि पूर्ण चार तास असतील, तर दोन रस्ते आहेत. एक: लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम. दोन: सयाजीबागेतलं म्युझियम, मग कीर्तिमंदिर, आणि तिथून रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत पायी. आमचं मत दुसऱ्याला. राजवाडा सुंदर आहे, पण तो एका घराण्याचं, गायकवाडांचं, घर आहे. दुसऱ्या वाटेवर त्या घराण्याने गावासाठी काय उभं केलं ते दिसतं, आणि एकट्या माणसाला तेच जास्त देऊन जातं.

कुठल्या वारी काय बंद असतं?

राजवाडा आणि फत्तेसिंह म्युझियम सोमवारी बंद. सयाजीबागेतलं म्युझियम सरकारी आहे, ते सार्वजनिक सुट्टीला बंद असतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दारं लावतं. म्हणून इमारत आधी, रस्ता नंतर, हा क्रम उलटवू नका. चार वाजता म्युझियमच्या पायऱ्या चढणाऱ्याला पहारेकरी मागे मागे दिवे मालवत येताना दिसतो.

रविवारी जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद असतात. खरेदी करायची नसेल तर हे चांगलंच आहे, कारण इमारतींचे वरचे मजले, कोरीव तुळया आणि सज्जे त्या दिवशी निवांत बघता येतात.

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये नेमकं काय बघायचं?

बागेला गावात कमाटीबागही म्हणतात. सयाजीराव महाराजांनी ती १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी उभी केली. म्युझियमची इमारत १८९४ ची. तिला जोडून असलेली चित्रशाळा १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रं तिथेच अडकली आणि ती लोकांसाठी उघडली १९२१ मध्ये.

लोक इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा बघायला जातात. तो मासा मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. दोन्ही बघा, पण वेळ राखून ठेवा तो अकोट्याच्या कांस्यमूर्तींसाठी. हे अकोटा विदर्भातलं अकोला नव्हे. आज बडोद्यातच सामावलेला तो भाग आहे. तिथे १९५१ च्या सुमारास जैन मूर्तींचा साठा सापडला. मूर्ती लहान आहेत, काचेमागे आहेत, आणि घाईत चालणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतात. जिवंतस्वामींची मुकुट आणि दागिने घातलेली मूर्ती शोधा. दीक्षा घेण्यापूर्वीचे, राजपुत्राच्या वेषातले महावीर, ही कल्पनाच बघण्यासारखी आहे.

वेळेचा अंदाज: सगळ्या दालनांतून नुसतं फिरायला एक तास, चित्रशाळा धरून दीड. आत पंखे सगळीकडे नसतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो, तेव्हा पाण्याची बाटली जवळ हवीच.

बागेत आणखी काही?

संकल्पभूमी. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी १९१७ मध्ये इथे आले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते या बागेत एका झाडाखाली बसले आणि अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प त्यांनी इथे केला. २३ सप्टेंबर १९१७ हा तो दिवस. दर वर्षी त्या तारखेला इथे मोठी गर्दी लोटते. एरवी दुपारी जागा शांत असते. म्युझियमपाशी कोणालाही विचारलं तर वाट दाखवतात.

खेळण्यातली आगगाडी, तारांगण वगैरे मुलं बरोबर असतील तेव्हासाठी ठेवा.

पायी जायची वाट नीट सांगाल का?

बागेच्या तोंडाशी काळा घोडा चौक आहे. घोड्यावर बसलेल्या सयाजीरावांच्या पुतळ्यावरून हे नाव पडलं. तिथून पूर्वेला विश्वामित्रीचा पूल ओलांडायचा. पुलावरून नदीत डोकावून बघा, पण खाली उतरू नका. कारण पुढे दिलं आहे. पूल संपल्यावर थोड्याच अंतरावर कीर्तिमंदिर. तिथे अर्धा-पाऊण तास द्या.

तिथून कोठी, आणि कोठीवरून रावपुरा. रावपुऱ्यात महाराणी चिमणाबाईंच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, १८९६ चा. लोक त्याला नुसतं ‘टॉवर’ म्हणतात. पत्ता विचारताना तोच शब्द वापरा. टॉवरपुढे दांडिया बाजाराकडे वळलात की मराठी बडोदं सुरू होतं. दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं वाचत चला, म्हणजे लक्षात येईल.

दांडिया बाजारातून सुरसागर तलाव. पाण्याच्या मधोमध शंकराची उंच मूर्ती आहे, ती लांबूनच दिसते. काठावर विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय आहे. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा ती हीच. तासिका चालू असतील तर तानपुरा, तबला रस्त्यावर ऐकू येतो. कठड्याला टेकून दहा मिनिटं थांबावं अशी जागा आहे.

तलाव ओलांडला की न्यायमंदिर. इंग्रज वास्तुकार चिझमने उभारलेली ही १८९६ ची इमारत बायझंटाइन धाटणीची आहे. न्यायालय आता तिथून हललं आहे, त्यामुळे ती बाहेरून बघायची. समोर लहेरीपुरा दरवाजा: जुन्या कोटाचा पश्चिमेचा. त्यातून सरळ आत गेलं की पाच-दहा मिनिटांत मांडवी येते. मांडवी म्हणजे चारी बाजूंनी कमानी असलेली, कोटाच्या बरोबर मध्यावरची इमारत. तिच्यापासून चार रस्ते चार दरवाजांकडे जातात: लहेरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी. हरवलात तर मांडवी शोधा. ती सापडली की दिशा सापडते.

बागेपासून मांडवीपर्यंत एकूण तीन किलोमीटरच्या आतबाहेर. नुसतं चालायला पाऊण तास, थांबत थांबत अडीच तास. बहुतेकांचं चुकतं ते सुरुवातीच्या वेळेत. मार्च ते जून दुपारी दोनला निघाल तर टॉवरपर्यंत पोचतानाच दमाल. साडेचारनंतर निघा. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, त्यामुळे घाई नाही. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा तीनलाच चालायला लागा.

कीर्तिमंदिरात काय आहे? ते तर समाधिस्थळ ना?

हो, गायकवाड घराण्याचं. १९३६ मध्ये बांधलं. पण जायचं ते नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांसाठी. १९३९ ते १९४६ या काळात शांतिनिकेतनहून पुन्हा पुन्हा येऊन त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध.

इथे एकटं असण्याचा खरा फायदा आहे. चित्रं मोठी आहेत, रंग मवाळ आहेत आणि पहिल्या पाच मिनिटांत ती बोलत नाहीत. एका भिंतीसमोर उभं राहून डोळे सरावू द्यावे लागतात. बरोबर कोणी असलं की ‘झालं का?’ ऐकू येतं आणि तिथेच सगळं संपतं. चारही भिंतींना सारखा वेळ देण्यापेक्षा एका भिंतीला वीस मिनिटं द्या. आमची सूचना: युद्धाची भिंत. आधी मागे जाऊन पूर्ण रचना बघा, मग जवळ येऊन हात, चाकं, आयाळी यांच्या रेषा बघा.

आत शांतता पाळा, भिंतीला हात लावू नका, फोटोचं आधी पहारेकऱ्याला विचारा. आणि हे ठिकाण संध्याकाळवर टाकू नका.

तांबेकर वाडा सापडत नाही म्हणतात, तो कुठे आहे?

रावपुरा-दांडिया बाजाराच्या बाजूला, गल्लीत. मोठ्या रस्त्यावरून तो दिसतच नाही. नकाशातला ठिपका बरोबर असतो, पण लोक दुकानांच्या रांगेपुढून दोनदा निघून जातात. दुकानदाराला ‘तांबेकर वाडो क्यां?’ असं विचारा, लगेच बोट दाखवतील.

भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. वरच्या मजल्यांवर भिंती चित्रांनी भरल्या आहेत: कृष्णलीला, रामायण-महाभारतातले प्रसंग, मराठे आणि इंग्रज यांची लढाई. जिना अरुंद आणि उभा आहे, पाठीवर मोठी बॅग घेऊन चढू नका. आत उजेड कमी असतो, म्हणून ऊन असेपर्यंतच जा. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घराच्या भिंती इतक्या शाबूत स्थितीत फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. तीन किलोमीटरच्या वाटेवर काही गाळायचंच झालं तर न्यायमंदिर गाळा, हा वाडा गाळू नका.

पुस्तकांची आवड असेल तर?

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्याची ही मुख्य शाखा. पुस्तकांची मांडणी लोखंडी आहे आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. टेबलावर नाव सांगा, कुठून आलात ते सांगा आणि आदबीने विचारा. मराठी पुस्तकांचा विभागही आहे.

तरीही राजवाडाच बघायचा आहे.

मग दोन तास पूर्ण द्या आणि तीनच्या आत पोचा. बांधकाम १८९० मध्ये पुरं झालं. आराखडा इंग्रज वास्तुकार मेजर मँटचा, त्याच्यानंतर काम चिझमने तडीस नेलं. घराणं आजही तिथे राहतं, म्हणून ठराविक दालनंच खुली असतात. दरबार हॉलची मोझेक जमीन आणि रंगीत काचा, इटालियन शिल्पकार फेलिसीची शिल्पं आणि शस्त्रागार हे मुख्य. आत फोटो काढू देत नाहीत. फाटकापासून इमारतीपर्यंत बरंच चालावं लागतं, हे बुटांच्या निवडीत धरा.

राजा रविवर्मांची चित्रं राजवाड्याच्या मुख्य दालनांत शोधत बसू नका. त्यांचा मोठा संग्रह फत्तेसिंह म्युझियममध्ये आहे. राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेली ती इमारत. तिचं तिकीट वेगळं.

परत येताना राजवाडा रस्त्यावर कलाभवन लागतं, आजचं अभियांत्रिकी महाविद्यालय. १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत दादासाहेब फाळके शिकले.

रिक्षाचं काय?

बसण्याआधी भाडं ठरवा किंवा ॲपवर बोलवा. दोन्हीपैकी काहीच न करता बसलात तर उतरताना वाद होतो. जुन्या कोटात रिक्षा हळू चालतात आणि अडकतात. मांडवीहून स्टेशनला जायचं असेल तर आधी पायी लहेरीपुऱ्याबाहेर या आणि तिथून रिक्षा करा. संध्याकाळी सहा ते आठ स्टेशनपर्यंत अर्धा तास धरा.

बॅग आणि लॅपटॉप कुठे ठेवू?

सगळ्यात सोपं म्हणजे हॉटेल सोडताना बॅग तिथेच ठेवून चिठ्ठी घेणं. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवायची तर दोन गोष्टी लागतात: प्रवासाचं तिकीट आणि बॅगेला कुलूप. नुसती चेन लावलेली बॅग घेत नाहीत, म्हणून दहा-वीस रुपयांचं छोटं कुलूप घरूनच आणा. लॅपटॉप तिथे ठेवू नका, पाठीवर घ्या. लहेरीपुऱ्याजवळच्या मंगळबाजाराच्या गर्दीत तीच पिशवी पुढे छातीशी धरा.

काय खावं, एकट्याने?

सेव-उसळ. हा पदार्थ आपल्या उसळीचा बडोद्यातला भाऊ आहे आणि तो इथेच खावा. पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून शिजवलेले, पातळ रस्सा, वर शेव, कांदा किंवा कांद्याची पात, लसणाची ओली चटणी, आणि वेगळ्या भांड्यातली लाल तरी. सोबत पाव. मिसळीची सवय असलेला माणूस सगळी तरी एकदम ओततो आणि पुढची दुपार पाणी पीत काढतो. आधी दोन चमचे घाला, चव घ्या, मग वाढवा. मोठ्या आवाजात ‘तरी ओछी’ म्हटलं की कमी घालून देतात. शेव एकदम मिसळू नका, ती मऊ पडते. थोडी थोडी घेत खा. रस्सा संपला तर बऱ्याच गाड्यांवर परत मिळतो.

गुजराती थाळी एकट्याला अवघड नाही, पण ती दुपारच्या फिरण्याआधी घेऊ नका. वाढपी थांबत नाहीत, आणि जेवून उठल्यावर तीन किलोमीटर चालणं होत नाही. थाळी रात्री, गाडी उशिराची असेल तर.

मराठीत बोललं तर चालतं का?

दांडिया बाजार, रावपुरा भागात बऱ्याच वेळा उत्तर मराठीतच मिळतं. थोड्या वेगळ्या हेलाचं, गुजराती शब्द मिसळलेलं. इतरत्र हिंदी. दुकानदाराला ‘भाई’ आणि बाईंना ‘बेन’ म्हटलं की बोलणं सोपं होतं.

एकटीने फिरणं सुरक्षित आहे का?

दिवसा आणि रात्री नऊपर्यंत या सगळ्या वाटेवर वर्दळ असते, बायका-मुलींचीही. त्रास होतो तो मंगळबाजार आणि मांडवीच्या दाट गर्दीत, धक्काबुक्कीचा. तिथे रस्त्याच्या मधून न जाता दुकानांच्या कडेने चला. सयाजीबागेच्या नदीकडच्या आतल्या वाटा अंधार पडल्यावर टाळा. हे पुरुषांनाही लागू आहे.

नदीत खरंच मगरी आहेत?

खरंच आहेत, शहराच्या मधोमध. पुलावरून, विशेषतः हिवाळ्यात, काठावर ऊन खात पडलेल्या दिसू शकतात. म्हणून फोटोसाठी काठाशी उतरू नका. पावसाळ्यात विश्वामित्री चढते तेव्हा पाण्याबरोबर त्या वस्तीतही येतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये जोराचा पाऊस चालू असेल तर नदीकाठ सोडून द्या आणि थेट कोटातल्या भागात जा.

बरोबर दारू आणली तर?

आणू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रातून बॅगेत राहून गेलेली बाटलीसुद्धा यात मोडते.

मध्येच ऑफिसचा फोन आला, किंवा नुसतं शांत बसायचं असेल तर?

दांडिया बाजारातलं अरविंद निवास. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं अरविंद घोष बडोद्यात नोकरीत होते, त्यांचं हे घर. ध्यानाची खोली सगळ्यांना खुली असते. चपला बाहेर, फोन बंद. फोन घ्यायचाच असेल तर सुरसागरचा काठ बरा, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचा.

घरी काय न्यावं?

लीलो चेवडो, भाकरवडी, रावपुऱ्यातले पेढे. लीलो चेवडो बटाट्याचा, ओलसर आणि गोडसर असतो, कोरड्या चिवड्यासारखा महिनाभर टिकत नाही. निघायच्या दिवशीच घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. भाकरवडी कोरडी, ती आधी घेतली तरी चालेल.

चांपानेर किंवा सरदारांचा पुतळा दुपारी होईल का?

नाही. चांपानेर-पावागड पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, जायलाच तासाच्या वर. पुतळा त्याच्याही पलीकडे. दोन्हींना सकाळपासूनचा दिवस हवा.

स्टेशनवर शेवटच्या क्षणी काय गोंधळ होतो?

दोन. पहिला: तिकिटावर वडोदरा आहे की छायापुरी, हे सकाळीच वाचा. रतलाम-अहमदाबाद बाजूच्या काही गाड्या इंजिन फिरवावं लागू नये म्हणून मुख्य स्टेशनात येत नाहीत, शहराच्या कडेच्या छायापुरीला थांबतात. मांडवीत उभं राहून हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. दुसरा: मुख्य स्टेशनला सयाजीगंज आणि अलकापुरी अशा दोन बाजू आहेत आणि रिक्षाने एकीकडून दुसरीकडे जायला मोठा वळसा पडतो. पायी आलात, बागेकडून किंवा कोटातून, तर सयाजीगंजचीच बाजू लागते. हॉटेल अलकापुरीत असेल आणि बॅग तिथे ठेवली असेल तर तो वेळ वेगळा धरा.